पिंपळाखाली तासभर

मागच्या अंकात या पानाच्या कोपऱ्यात मी चारच ओळी लिहिल्या होत्या, की टोकियोच्या 'मोनो' बँडचा पहिला अल्बम 'अंडर द पिपल ट्री' एकदा तरी ऐका, २००१ सालचा आहे, आठ ट्रॅक, तासाभराहून थोडा जास्त, दोन गिटार एक बेस एक ड्रम्स आणि गाणारं कोणीच नाही. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं अख्खं पान त्यालाच देतेय. मला मनापासून आवडणारा अल्बम आहे, त्यामुळे उत्तरं लांबली तर समजून घ्या.

ताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही सांगितलेला अल्बम कॉलेजच्या बसमध्ये लावला. पहिलाच ट्रॅक बारा मिनिटांचा, बराच वेळ काहीच होत नाही म्हणून आवाज वाढवत गेलो आणि मग एकदम कानात स्फोट झाल्यासारखं झालं, हेडफोन ओढून काढले. रेकॉर्डिंग खराब आहे का मलाच कळत नाहीये?

रेकॉर्डिंग व्यवस्थित आहे आणि तुझ्या कळण्यातही काही कमी नाही, गडबड बसची आहे. मीही हा अल्बम पहिल्यांदा एसटीत ऐकला होता, कराडहून पुण्याला येताना, खिडकीच्या काचा खडखडतायत, इंजिनाची घरघर पायातून वर येतेय, आणि झालं काय की अल्बममधलं जे जे हळू होतं ते सगळं त्या घरघरीने खाऊन टाकलं. माझ्यापर्यंत पोचले फक्त मोठ्या आवाजाचे तुकडे. घरी येऊन रात्री लावला तेव्हा लक्षात आलं की अर्धा अल्बम मी ऐकलेलाच नाहीये.

आपण रोज जी गाणी ऐकतो ना, सिनेमातली वगैरे, ती पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत साधारण एकाच जोरात असतात, गाडीत, दुकानात, रिक्षात कुठेही ऐकू यावीत अशीच बनवलेली असतात. मोनोचं उलटं आहे. 'कारेलिया' हा जो पहिला ट्रॅक तू ऐकलास तो साडेबारा मिनिटांचा आहे आणि त्यातला सगळ्यात हळू क्षण आणि सगळ्यात मोठा क्षण यांच्यात प्रचंड अंतर आहे, आणि तेच अंतर म्हणजे ते संगीत. सुरुवातीला तू म्हणतोस तसं "काहीच होत नाही" तेव्हा गिटार एक साधी ओळ परत परत म्हणत असते, तिच्याखाली हळूच दुसरी येते, बेस एखादा सूर बदलतो आणि वरची ओळ तीच असूनही वेगळी वाटायला लागते. या बारीक गोष्टी कानाला लागल्या की मग तो स्फोट अचानक वाटत नाही, तो येणार हे आधीपासून अंगाला कळत असतं.

म्हणून एक कर. शांत खोलीत बस, ट्रॅक पुढे ढकलून सगळ्यात मोठ्या भागावर ने, तिथे आवाज असा लाव की भरपूर वाटेल पण टोचणार नाही, आता ट्रॅक परत शून्यावर आण आणि आवाजाच्या बटणाला हात लावू नकोस. सुरुवात फार हळू वाटेल. वाटू दे, कान आपोआप जवळ जातील.

'पिपल ट्री' म्हणजे आपला पिंपळच ना? आमच्या गावच्या पारावर आहे. टोकियोच्या पोरांना तो कुठून सापडला? (सातारा जिल्ह्यातून एक शिक्षिका)

हो, आपलाच पिंपळ. बाई, तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला कारण मी या अल्बमकडे वळले तीच नावामुळे.

गौतम बुद्धांना बोधगयेला ज्या झाडाखाली ज्ञान झालं ते झाड पिंपळाचं, त्याचीच फांदी श्रीलंकेत अनुराधापूरला नेली, आणि आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष पुन्हा त्या अनुराधापूरच्या झाडाच्या रोपांमधून आलेला. जपानमध्ये बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे पोचला, देवळं झाली, मूर्ती झाल्या, पण पिंपळ काही तिथे नीट जगेना, हे उष्ण हवेचं झाड, तिकडची थंडी त्याला सोसत नाही. मग देवळांच्या अंगणात लोकांनी लिंडन जातीचं एक वेगळंच झाड लावलं, त्याचं पान साधारण बदामाच्या आकाराचं, पिंपळासारखं दिसणारं, आणि त्यालाच ते 'बोदाइजू' म्हणजे बोधिवृक्ष म्हणायला लागले. आपला खरा पिंपळ तिकडे 'इंदो बोदाइजू', म्हणजे भारतातला बोधिवृक्ष, आणि तो बहुतेक वेळा काचेच्या गरम घरात जपावा लागतो. म्हणजे ज्या झाडाखाली आपली म्हातारी माणसं दुपारी तंबाखू मळत बसतात ते झाड त्यांच्यासाठी दूर देशाचं, पुस्तकातलं आणि देवळातलं. हे कळल्यापासून मला त्या नावाकडे बघताना वेगळंच वाटतं.

आणि एक माझं स्वतःचं निरीक्षण सांगते. बँडच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही, पण पारावर जाऊन स्वतःच बघा. पिंपळाच्या पानाचा देठ चांगला बोटभर लांब आणि बारीक असतो, पान रुंद, त्यामुळे बाकीची झाडं गप्प उभी असली तरी पिंपळ हलत असतो, संस्कृतात त्याला चलदल म्हणतात ते यामुळेच. देठ चिमटीत धरून पान नुसतं समोर धरा, तुमच्या श्वासानेसुद्धा ते थरथरतं. आता मोनोच्या गिटार ऐका. एकच सूर इतक्या भरभर छेडतात की तो सरळ लांब न वाटता थरथरत उभा राहतो. झाडाखाली पडून वर बघितल्यावर हजार पानं एकदम हलताना जो आवाज येतो ना, पावसासारखा पण पाऊस नसलेला, तो मला त्या मोठ्या भागांमध्ये दरवेळी ऐकू येतो.

बँड जपानी आणि पहिला अल्बम न्यूयॉर्कच्या कंपनीचा, असं का?

जॉन झॉर्नमुळे. हा न्यूयॉर्कचा सॅक्सोफोन वाजवणारा आणि संगीतकार, जपानशी त्याचं जुनं नातं, तिथे राहिलेला, तिथल्या वादकांबरोबर वाजवलेला. १९९५ मध्ये त्याने 'त्झादिक' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि तिच्यात जपानच्या नव्या संगीताची वेगळी मालिकाच ठेवली. मोनो १९९९ मध्ये सुरू झाला, २००० मध्ये 'हे, यू' ही छोटी रेकॉर्ड केली, आणि पुढच्या वर्षी पहिला मोठा अल्बम त्झादिकच्या त्या मालिकेत आला. विचित्र, अवघड, न खपणारं म्हणून बाकीचे बाजूला ठेवतील ते झॉर्न छापायचा, त्यामुळे शब्द नसलेली बारा-बारा मिनिटं त्याला अडचणीची वाटली नसणार.

ताई नमस्कार, कोल्हापूर. गिटार वाजवतो, कव्हर बँड आहे आमचा. मोनोसारखा तो लाटेसारखा आवाज काढायचा प्रयत्न करतोय पण सगळा चिखल होतो. दोन पेडल घेतले तरी जमेना. कुठलं पेडल घेऊ?

अजून पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) घेऊ नकोस. आधी उजवा हात.

या बँडमध्ये ताकाआकिरा गोतो आणि हिदेकी सुएमात्सु असे दोन गिटारिस्ट आहेत, ताका आणि योडा म्हणतात त्यांना. स्टेजवर दोघंही खुर्चीवर बसून, मान खाली घालून वाजवतात, आणि मध्ये तामाकी बेस घेऊन उभी. त्या लाटेचा मुख्य भाग म्हणजे ट्रेमोलो पिकिंग, एकच सूर वर-खाली वर-खाली न थांबता. तुझा चिखल बहुतेक इथेच होत असणार, कारण आपण जोर लावला की कोपरापासून हात हलवतो, पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेत खोल जातं आणि प्रत्येक टोला वेगळा, खडबडीत ऐकू येतो. पिक चिमटीत असं धर की टोक जेमतेम दोन-तीन मिलीमीटर बाहेर राहील, किंचित तिरकं, आणि हालचाल फक्त मनगटाची. ॲम्पशिवाय आधी, नुसत्या तारेवर, दहा मिनिटं रोज, इतकं हळू वाजव की शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नये. हळू आवाजात एकसारखं जमलं की मोठं करणं सोपं असतं, उलट दिशेने कधीच जमत नाही.

मग पेडलचा क्रम. गिटारमधून आधी डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाडणारं, त्यानंतर डिले म्हणजे पडसाद देणारं, शेवटी रिव्हर्ब म्हणजे मोठ्या खोलीसारखी घुमक देणारं. तू जर डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावलं असशील तर प्रत्येक पडसादसुद्धा फाटून मोठा होतो, सगळे एकमेकांवर चढतात आणि तोच तुझा चिखल (काही लोक मुद्दाम तसं करतात, पण ते नंतर). आणि दोन्ही गिटारवाल्यांनी एकाच सप्तकात एकच गोष्ट वाजवू नका, एकाने खाली जाड सूर धरायचा आणि दुसऱ्याने वर बारीक ओळ फिरवायची, बेसला त्या दोघांच्या खाली जागा सोडायची. आणि ड्रमरला सांग की पहिली काही मिनिटं त्याला काहीच न करता बसायचंय, हे सगळ्यात अवघड असतं, त्याला पटवायला वेळ दे.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावीला. तुम्ही लिहिलंत त्या आधीपासूनच तो हे मोनो ऐकतो, खोलीत दिवा बंद करून तासन् तास. शब्द नाहीत, नुसता उदास आवाज आणि मग प्रचंड गोंगाट. मला काळजी वाटते. (डोंबिवली)

ताई, तुमची काळजी खरी आहे, त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते.

कानांची काळजी करायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आणि त्यावर दर ३ डेसिबल वाढले की तो वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. लहान मुलांसाठी मर्यादा अजून खाली, ७५ डेसिबल. हळू भागात आवाज वाढवून ठेवायचा आणि मोठा भाग तसाच अंगावर घ्यायचा, या संगीतात धोका नेमका इथेच आहे, वर नाशिकच्या मुलाला जे सांगितलंय ते त्यालाही वाचायला द्या. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालायची सोय असते, ती दोघांनी मिळून लावा.

उदासीचं वेगळं आहे. उदास संगीत ऐकणारा माणूस उदासच असतो असं नाही, खूपदा उलट असतं, दिवसभर साचलेलं त्या मोठ्या आवाजात वाहून जातं आणि माणूस हलका होऊन उठतो, बारावीच्या वर्षात तर साचायला किती काय असतं. मोनोच्याच एका नंतरच्या अल्बमचं सांगते, २००४ चा, त्यात शेवटी 'अ थाउजंड पेपर क्रेन्स', म्हणजे हजार कागदी बगळे, नावाचा ट्रॅक आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती, पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला, हजार कागदी बगळे घडी घातले की इच्छा पुरी होते म्हणून ती दवाखान्यात औषधांच्या पुड्यांच्या कागदाचेसुद्धा बगळे करत राहिली, १९५५ मध्ये बारा वर्षांची असताना गेली. एवढं दुःख शब्दांत धरायला गेलं तर निसटतं म्हणूनच त्यात शब्द नाहीत असं मला वाटतं. तुमचा मुलगा कदाचित अशाच कशाजवळ बसत असेल, आणि ते वाईट नाही.

मात्र तो जेवत नसेल, झोपत नसेल, मित्रांशी बोलणं तुटलं असेल, पूर्वी आवडणारं सगळं सोडून दिलं असेल तर संगीत कुठलंही असो, डॉक्टरांशी बोला, उशीर करू नका. आणि तसं काही नसेल तर एक दिवस त्याला म्हणा, मला पण ऐकव. हेडफोन नको, स्पीकरवर. दिवा बंदच राहू द्या. मध्ये काही विचारू नका, संपल्यावर विचारा.

मोनो अजून आहे का? पुढे काय ऐकू? (पणजी, आणि याच अर्थाचे आणखी सहा मेल)

आहे. चौघंच्या चौघं मात्र नाहीत, ड्रमर यासुनोरी ताकादा २०१७ मध्ये बाहेर पडला आणि अमेरिकन डाम माजुरी चिपोला आला. २००४ चा अल्बम त्यांनी शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग इंजिनिअरकडे रेकॉर्ड केला आणि तिथून ते नातं जमलं, वाजवणारे एका खोलीत समोरासमोर बसून वाजवायचे आणि तो ते जसंच्या तसं पकडायचा. २००९ चा 'हिम टू द इमॉर्टल विंड' ऐक, त्यात गिटारींबरोबर आख्खा वाद्यवृंद आहे, बहुतेक लोक त्यालाच त्यांचा सर्वोत्तम म्हणतात. २०१९ च्या 'नोव्हेअर नाऊ हिअर' मध्ये तामाकी पहिल्यांदा गायली आहे. २०२४ चा 'ओथ' अल्बिनीकडेच रेकॉर्ड झाला आणि तो बाहेर यायच्या काही आठवडे आधी, मे महिन्यात, अल्बिनी गेला.

'हिम' मोठा आहे हे मला मान्य आहे, तरी मी पहिल्याकडेच परत येते. नंतरच्या अल्बममध्ये ते दुःखाला नीट आकार देतात, व्हायोलिन योग्य वेळी येतं, सगळं भरून पावतं. पहिल्यात कडा तासलेल्या नाहीत. 'एरर नंबर नाइन' बारा मिनिटं चालतो आणि त्यातला गोंगाट कुठल्याही सुंदर सुरावर येऊन आपल्याला शांत करत नाही, चार माणसं आपण किती लांब जाऊ शकतो हे वाजवता वाजवता शोधतायत असं वाटतं. पहिल्या अल्बममध्येच हे सापडतं, पुढे हात बसतो.

आणि ज्यांना एवढा मोठा आवाज झेपत नाही त्यांनी टोकियोच्याच 'टो' बँडचा २००५ चा पहिला अल्बम ऐका, गिटार स्वच्छ, ड्रम्स अवघड तालात पण हलके, सकाळी चहाबरोबरही चालेल.

मी मिरजेला पंचेचाळीस वर्षं पेटी शिकवली, आता निवृत्त. नातवाने तुमचं वाचून हे ऐकवलं. सुरुवात बरी वाटली, विलंबितात बढत करतात तसं काहीतरी. पण पुढे तारांचा आवाज फाटतो, सूर राहतच नाही. फाटलेल्या आवाजाला संगीत कसं म्हणायचं?

सर, तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत याबद्दल आधी नमस्कार करते.

बढतीचं तुम्ही म्हणालात ते मला अर्धं पटतं. ख्यालात एकेक स्वर उलगडत रागाचं रूप मोठं होतं, लय वाढते, आणि गाणारा तिथल्या तिथे ठरवत असतो. इथे राग नाही, रचना बऱ्यापैकी आधी बांधलेली, आणि स्वर तर मोजके, तेच तेच. वाढतो तो आवाज आणि त्याची जाडी. तेव्हा धीर सारखा आहे पण वाढतंय ते वेगळं आहे, दोन्हीला एकच म्हटलं तर दोन्हीवर अन्याय होईल.

फाटण्याचं मात्र तुमच्याच गावातून सांगता येईल. तंबोऱ्याची जवारी लावताना तुम्ही कितीदा बघितलं असेल, घोडीचा माथा कानशीने घासून किंचित उतरता करतात, वर तार, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एक जागा अशी येते की नुसती टण्ण वाजणारी तार एकदम बोलायला लागते. तिथे होतं काय तर कंप पावणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा घसटून जाते, मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर फुलतात, गंधार कोणी न लावता ऐकू येतो. पाश्चात्त्य कानाने ऐकलं तर ती एक प्रकारची झणझणच, सरळ स्वच्छ आवाज नव्हे. डिस्टॉर्शन पेडल हेच वेगळ्या मार्गाने करतं, तारेचा विजेतून आलेला तरंग वरून-खालून छाटतं, आणि छाटलेल्या तरंगात मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर भराभर येतात. तुमचा दोरा फार नाजूक हाताने सरकवलेला असतो आणि पेडल दांडगं आहे, हा फरक मोठाच आहे, पण जात एक आहे. मोनोचे दोन गिटारवाले एकाच वेळी असे वाजवतात तेव्हा त्या गोंगाटाच्या वरच्या थरात न वाजवलेले सूर तरंगायला लागतात, नातवाला विचारा, त्याला ते ऐकू येत असणार, नाव माहीत नसेल.

पुन्हा ऐकणार असाल तर 'कारेलिया' नको, 'होली' लावा, दोन मिनिटांच्या आत संपतो, मग पोटात जागा असेल तर 'द किडनॅपर बेल'. आणि घरात जवारी उघडी असलेला तंबोरा असेलच, तर आधी पाच मिनिटं तो छेडा, डोळे मिटून, आणि तो कानात असतानाच नातवाला म्हणावं, लाव.